साइडकार जोडून घ्यावी की जोडलेली गाडीच घ्यावी?

नाशिकच्या मुंबई नाक्याच्या सिग्नलला माझी साइडकार लावलेली बुलेट थांबली की शेजारच्या गाडीतून कोणी ना कोणी काच खाली करून विचारतंच, "कुठे बसवून घेतली हो?" हिरवा दिवा लागेपर्यंत जेवढं सांगता येतं तेवढं मी सांगतो. पण हा विषय अर्ध्या मिनिटाचा नाही. ज्याला साइडकार, म्हणजे मोटरसायकलच्या बाजूला जोडलेली एकचाकी बैठक, हवी आहे त्याच्यापुढे दोन रस्ते असतात. घरातल्या मोटरसायकलला साइडकार जोडून घ्यायची, किंवा साइडकारसकट उभी असलेली गाडीच विकत घ्यायची. मी पहिला रस्ता धरला, त्यात एकदा चुकलो आणि ती चूक आई शेजारी बसलेली असताना कळली. सातपूरला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने दुसरा रस्ता धरला. आम्हा दोघांच्या पदरी जे पडलं ते नव्या माणसाला उपयोगी पडावं म्हणून क्रमाने लिहितो.

पायरी १ : बसणार कोण?

आईचे गुडघे गेले आणि तिला मागच्या सीटवर एका बाजूने बसणं जमेना, तिथून हा सगळा प्रवास सुरू झाला. त्र्यंबकला दर श्रावणात जायचंच, रिक्षाचे धक्के सोसत नाहीत आणि चारचाकी घरात नाही. साइडकार म्हणजे तिच्यासाठी खुर्चीच, असं मला वाटलं होतं.

इथे एक गोष्ट नीट बघा. होडीच्या आकाराची, बुटकी साइडकार दिसायला सुंदर असते, पण तिची बैठक जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच असते. तिच्यात शिरायला पाय उचलून काठावरून आत टाकावा लागतो आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. म्हाताऱ्या माणसासाठी घेत असाल तर आधी घरात त्यांना बुटक्या स्टुलावर बसवून उठायला सांगा. हाताचा आधार न घेता उठता आलं नाही तर दार असलेली, तळ उंच असलेली आणि पुढे धरायला भक्कम दांडी असलेली साइडकारच बघा. आईसाठी मला ती दांडी नंतर लावून घ्यावी लागली.

लहान मूल बसणार असेल तर सीटबेल्ट कुठे अडकवलाय ते पाहा. पत्र्याला किंवा फायबरच्या अंगाला अडकवलेला पट्टा काही कामाचा नाही, तो खालच्या लोखंडी सांगाड्यालाच बोल्टने धरलेला हवा. हेल्मेट साइडकारमधल्या माणसालाही घालायचं. कायद्याचं कलम १२९ कोणत्याही प्रकारच्या मोटरसायकलवरून नेल्या जाणाऱ्या, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागू आहे. "मी तर आत बसलोय" ही सबब तिथे चालत नाही, आणि चालू नयेच.

दुकानाचा माल वाहायला हवी असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. मालवाहतुकीची नोंदणी वेगळी असते.

पायरी २ : फीत घेऊन गल्ली मोजा

आपली प्रवासी रिक्षा साधारण १.३ मीटर रुंद असते. साइडकार जोडलेली मोटरसायकल दीड मीटरच्या पुढे जाते, मोठी असेल तर १.७ मीटरपर्यंत. म्हणजे जिथून रिक्षा अंग चोरून जाते तिथे तुमची गाडी अडकेल. भद्रकाली, सराफ बाजार, जुन्या नाशिकचे बोळ हे सगळं विसरायचं. सोसायटीचं फाटक, पार्किंगमधले खांब, वळायची जागा यांची मापं एका कागदावर लिहून ठेवा.

आणि उतार बघा. बहुतेक मोटरसायकलींना रिव्हर्स गिअर नसतो. तीनशे किलोच्या आसपास वजन चढावर मागे ढकलणं एकट्याचं काम नाही. गाडी तोंड बाहेर करून लावता येईल अशी सपाट जागा नसेल तर हा विचार आत्ताच सोडलेला बरा.

पायरी ३ : वेल्डिंगआधी कागद

नवखा माणूस सर्वात जास्त इथेच फसतो, म्हणून जरा सावकाश.

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मोटरसायकलची जी व्याख्या आहे तिच्यात जादा चाक असलेली, सुटी करता येणारी साइडकार धरलेली आहे. म्हणजे साइडकार लावली म्हणून गाडी रिक्षा होत नाही, ती मोटरसायकलच राहते आणि गिअरच्या मोटरसायकलचं लायसन्स चालतं. ही व्याख्या दाखवून पुष्कळ जण सांगतात, "कायद्यातच आहे, परवानगी कशाला?" तसं नाही. त्याच कायद्याचं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी, म्हणजे आरसीवरच्या नोंदीशी, विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर स्पष्ट निकाल दिला आहे. साइडकारने गाडीचं वजन बदलतं, बसणाऱ्यांची संख्या बदलते, रुंदी बदलते. मंजुरी नसताना असा बदल केला तर कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी साइडकार कोणती ते ठरवा आणि बनवणाऱ्याकडून तिची मापं, वजन आणि जोडणीच्या जागा दाखवणारं रेखाचित्र घ्या. आरसी, विमा, पीयूसी यांच्या प्रती जोडून नाशिकच्या आरटीओत, पेठ रोडला, लेखी अर्ज द्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र लागेल, कारण बोजा उतरेपर्यंत गाडी पूर्ण तुमची नाही. उत्तर लेखी घ्या. खिडकीपाशी कोणी "चालतंय हो" म्हणालं तर त्याला उत्तर समजू नका. मंजुरी मिळाली तरच पैसे भरा. काम झाल्यावर गाडी तपासणीला नेऊन आरसीवर नोंद करून घेतली की मगच पहिला रस्ता पुरा झाला म्हणायचं. मंजुरी मिळाली नाही तर तो रस्ता तिथेच संपला, दुसरा अजून उघडा आहे.

घरात कोणी दिव्यांग असेल आणि त्यांच्यासाठी गाडीत बदल करायचा असेल तर अर्जात ते ठळक लिहा आणि प्रमाणपत्राची प्रत जोडा. अशा गाड्यांची कायद्यात वेगळी व्याख्या आहे आणि त्यांच्याकडे त्याच नजरेने पाहिलं जातं.

आता एक काम लगेच करा. तुमच्या दुचाकीची विम्याची पॉलिसी काढा आणि विमा रकमेचा तक्ता बघा. गाडीच्या किमतीशेजारी बऱ्याच पॉलिसींत 'साइड कार' असा एक रकाना छापलेला असतो आणि त्यात शून्य असतं. वर्षानुवर्षं तो कागद आपण घडी घालून ठेवतो आणि तो रकाना कधी वाचत नाही. साइडकार लागल्यावर त्या शून्याच्या जागी रक्कम यायला हवी. आरसीवर नोंद नाही, पॉलिसीत उल्लेख नाही आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. आत कोणाची आई बसलेली असते हे लक्षात ठेवा.

पायरी ४ : तुमची गाडी हे ओझं पेलेल का?

साधा हिशोब मांडू. आजची क्लासिक ३५० घ्या. वजन १९५ किलो, ताकद २०.२ बीएचपी, टॉर्क २७ न्यूटन मीटर. साइडकार सांगाड्यासकट ७० ते १०० किलोची. त्यात ६० किलोचं माणूस आणि थोडं सामान. म्हणजे एका माणसासाठी आखलेल्या मागच्या सीटऐवजी ते इंजिन दीडशे किलोच्या आसपास जादा ओढणार, शिवाय वारा अडवणारं अंग वेगळंच. सपाटीला चालतं. कसारा घाटाच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये मागे ट्रकांची रांग घेऊन चढावं लागतं. चेनचं पुढचं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, एक दात कमी किंवा मागचं थोडं मोठं केलं की इंजिनाची तगमग कमी होते, क्लचप्लेट वाचतात, वरचा वेग मात्र जातो. साइडकारला ताशी ५०–६० पुरेसे आहेत, त्यामुळे ते नुकसान मी मोजत नाही.

ताकदीपेक्षा मला सांगाडा महत्त्वाचा वाटतो. इंजिनाला खालून कवेत घेणारी नळ्यांची चेसिस असेल, तर साइडकारला धरायला खालच्या जागा मिळतात. इंजिन नुसतंच वरून टांगलेलं असेल तर वेगळी सबफ्रेम, म्हणजे जादा आधाराचा सांगाडा, बनवावी लागते आणि ती बनवणारा हात फार जाणता लागतो. चाकांचंही तसंच. दोन चाकी गाडी वळताना कलते, त्यामुळे चाकावर भार नेहमी उभाच येतो. साइडकार लागली की गाडी कलत नाही आणि प्रत्येक वळणाला चाक आडवं ओढलं जातं. तारा ढिल्या असलेलं चाक अशाने पाहता पाहता आउट होतं. जोडण्यापूर्वी दोन्ही चाकांच्या तारा, मागच्या चाकाच्या चिमट्याचे बुश, हॅण्डलचे कोनसेट आणि ब्रेक लायनर नवे करून घ्या. हा खर्च साइडकारच्या किमतीत कोणी सांगत नाही, पण तो तिचाच भाग आहे.

दोनशे सीसीच्या खालच्या गाडीला जोडू नका, असं मी म्हणेन. जुन्या चेतकला जोडत असत, पण तेव्हाचे रस्ते आणि तेव्हाचे वेग वेगळे होते.

पायरी ५ : जोडणी, आणि पट्टी-ओळंबा

माझी पहिली जोडणी दुसऱ्या शहरातल्या एका वर्कशॉपने केली. रंग झकास, शिवण झकास. साइडकार चार जागी धरायची असते, दोन खाली आणि दोन वर. त्यांनी वरचा मागचा क्लॅम्प सीटखालच्या बारीक नळीला लावला होता. ती नळी सीट आणि मडगार्ड पेलण्यापुरती असते. मला तेव्हा कळत नव्हतं, म्हणून मी पैसे देऊन निघालो. नऊशे किलोमीटर झाले असतील. त्र्यंबकहून येताना रिमझिम पावसात आई म्हणाली, "अरे, माझी बाजू खाली बसल्यासारखी वाटते." पेगलवाडीच्या पुढे गाडी कडेला घेतली. नळी वाकली होती आणि क्लॅम्प बोटभर सरकला होता. मागचं टायर एका अंगाने घासून तुळतुळीत झालं होतं. त्या दिवशी आईला बसने पाठवलं आणि मी पंचवीसच्या वेगाने घरी आलो.

पुढचं काम अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेटरकडे झालं. नाशिककरांचं हे एक भाग्य आहे. सातपूर आणि अंबडमध्ये लोखंड कापणारे, वाकवणारे, वेल्डिंग करणारे इतके चांगले हात आहेत की योग्य रेखाचित्र दिलं तर ब्रॅकेट, क्लॅम्प, सबफ्रेम सगळं नेमकं बनतं. पण लोखंड ओळखणारा माणूस मोटरसायकलची भूमिती ओळखतोच असं नाही. ती मापं तुम्हालाच माहीत हवीत. माझ्या फॅब्रिकेटरसोबत मी दोन रविवार जमिनीवर बसून ती मापं घेतली. ती अशी.

आधी सपाट जमीन. पार्किंगची फरशी सपाट दिसते, पण नसते. प्लंबरची लेव्हल ट्यूब घेऊन तिन्ही चाकांखालची जागा तपासा. टायरमध्ये नेहमीची हवा भरा.

मग एक लांब, सरळ ॲल्युमिनियमची पट्टी मोटरसायकलच्या दोन्ही चाकांना लागून जमिनीलगत ठेवा. मागचं टायर रुंद असतं, म्हणून पट्टी त्याच्या दोन्ही कडांना टेकवा आणि पुढच्या टायरच्या दोन्ही कडांशी सारखी फट ठेवा. तशीच दुसरी पट्टी साइडकारच्या चाकाला लावा. आता दोन पट्ट्यांमधलं अंतर पुढच्या चाकाच्या पुढे मोजा, मागच्या चाकाच्या मागे मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा १२ ते २५ मिलिमीटरने कमी हवं. म्हणजे साइडकारचं चाक किंचित मोटरसायकलकडे तोंड करून असतं. याला टो-इन म्हणतात. हा फरक कमी झाला तर गाडी साइडकारच्या बाजूला ओढत राहते, जास्त झाला तर टायर खरवडलं जातं. माझ्या पहिल्या जोडणीत हा फरक ४० मिलिमीटर निघाला.

पुढचं माप साइडकारच्या चाकाच्या आसाचं. तो मागच्या चाकाच्या आसाच्या थोडा पुढे असतो, दीडशे ते अडीचशे मिलिमीटर. अगदी रेषेत आणला तर उजव्या वळणावर साइडकारचं नाक खाली दबतं आणि गाडी मागून उचलायला बघते.

आणि शेवटी ओळंबा. गवंड्याचा साधा ओळंबा घ्या आणि मागच्या चाकाच्या रिमशेजारी सोडा. मोटरसायकल साइडकारपासून लांबच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे उजवीकडे, एक ते दोन अंश कललेली हवी. अठरा इंची रिमवर वरच्या आणि खालच्या कडेत आठ मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक अंश. तुम्ही बसलात, शेजारी माणूस बसलं, शॉकअप दबले की ती सरळ उभी राहते. मग मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात हात हलके सोडून बघा. डावीकडे ओढते? उजवा कल थोडा वाढवा. उजवीकडे ओढते? कमी करा. आपले रस्ते पाणी जावं म्हणून डाव्या कडेला उतरते असतात, त्यामुळे ही चाचणी गर्दी नसलेल्या रस्त्याच्या मधोमध करा, नाहीतर रस्त्याचा उतार गाडीच्या माथी मारला जाईल.

ही तीन मापं जो मिस्त्री स्वतःहून बोलत नाही, त्याच्याकडून साइडकार जोडून घेऊ नका. रंगाचे फोटो दाखवणारे भरपूर मिळतात. पट्टी-ओळंबा लावणारा एक मिळाला तरी पुरे.

हॅण्डल जड लागतं हे आधीच मान्य करा. साइडकारसाठी खास आखलेला फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, लावला तर ते निम्म्यावर येतं, पण तो आणखी एक बदल, आणखी एक मंजुरी आणि आणखी खर्च. ताशी वीस-तीसच्या वेगात हॅण्डल थरथरतं, त्यावर थरथर शोषून घेणारा स्टिअरिंग डॅम्पर हा स्वस्त उपाय आहे.

पायरी ६ : जोडलेली गाडी बघायला जाताना

नाशिकमध्ये जोडलेली गाडी म्हणजे बहुतेक वेळा जुनी बुलेट, क्वचित चेतक किंवा लॅम्ब्रेटा. कोणाच्या तरी वडिलांची, वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी. मावसभावाने सिन्नरच्या बाजूला अशीच एक बुलेट गाठली.

पैशाचं बोलणं करण्याआधी आरसी मागा आणि सरकारच्या 'वाहन' प्रणालीवर नंबर टाकून स्वतः तपासा. वाहन वर्ग आणि आसनसंख्या या रकान्यांत साइडकार दिसते का? मावसभावाने पाहिलेल्या पहिल्या तीन गाड्यांच्या कागदावर साइडकार नव्हतीच. कोणी तरी कधी तरी जोडली आणि पुढे विकत गेले. अशी गाडी घेतली तर तुम्ही जोडलेली गाडी घेतलीच नाही, तुम्ही पायरी तीनवर परत आलात आणि वर दुसऱ्याच्या वेल्डिंगची जबाबदारी घेतलीत. चौथी गाडी नोंदीची होती. किंमत जास्त होती, तरी त्याने तीच घेतली, आणि मला ते शंभर टक्के बरोबर वाटतं.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी संपलेली असते. फेरनोंदणी तपासणीनंतर पाच वर्षांसाठी होते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. ते काम विकणाऱ्याच्या नावावर असतानाच पूर्ण करून घ्या. नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर २८ नंबरचं ना हरकत. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासा आणि उमटलेला आकडा आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. जुन्या गाड्यांत गंजाने किंवा मुद्दाम खोडल्याने एखादा अंक अस्पष्ट असतो, तिथे थांबायचं. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसली आहे का तेही बघा.

मग गाडी. टॉर्च घेऊन जमिनीवर आडवे व्हा. चारही क्लॅम्प कोणत्या नळीला धरलेत? वेल्डिंगच्या कडेने केसासारखी रेघ दिसते का? नवीन काळा रंग फक्त जोडावरच मारलाय का? पुढच्या आणि मागच्या टायरवर तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर करवतीसारखं लागलं, तर जोडणी वाकडी आहे. साइडकारच्या चाकाला ब्रेक असेल तर उत्तम. नसेल तर ब्रेक मारल्यावर गाडी उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांकडे ओढते, हे लक्षात ठेवून चालवा.

परदेशी बनावटीची पूर्ण गाडी मनात असेल तर तिचं नाव बहुधा उराल असेल. मूळची रशियाच्या उरल भागातल्या इर्बितची, १९४१ पासूनची परंपरा, ७४९ सीसीचं आडवं जुळं इंजिन, रिव्हर्स गिअर, काही मॉडेलना साइडकारच्या चाकालाही इंजिनाची ताकद. २०२२ मध्ये तिची जोडणी कझाकस्तानात हलली. यंत्र म्हणून मला ती फार आवडते. तरीही नाशिकच्या नवख्या माणसाने तिच्या मागे लागू नये. आयात शुल्क, नोंदणी, सुटे भाग हे तर आहेच, पण मुख्य अडचण बाजूची. तिची मूळ रचना उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी आहे, साइडकार उजव्या हाताला. आपल्या रस्त्यावर ते माणूस दुभाजकाच्या आणि ओव्हरटेक करणाऱ्या बसच्या बाजूला बसणार, आणि उतरणार तेही रहदारीत. आपल्याकडे साइडकार डावीकडेच हवी.

पायरी ७ : आता ठरवा

तुमच्याकडे भक्कम चेसिसची, कर्ज फिटलेली, पंधरा वर्षांची व्हायला बराच अवकाश असलेली साडेतीनशे किंवा वरची गाडी आहे, आरटीओची लेखी मंजुरी हातात आहे आणि पट्टी-ओळंबा लावणारा मिस्त्री सापडला आहे, तर जोडून घ्या. गाडीचा इतिहास तुम्हाला माहीत असतो, इंजिनाचा आवाज ओळखीचा असतो, ही फार मोठी गोष्ट आहे. यातली एक जरी बाजू लंगडी असेल तर नोंदीची जोडलेली गाडी शोधा, सहा महिने लागले तरी.

नवीन, वॉरंटीतली, हप्ते चालू असलेली गाडी घेऊन तिला लगेच साइडकार लावायचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळा. हप्ते फिटू द्या, गाडी हाताखाली मुरू द्या.

पहिल्यांदाच घेणाऱ्याला माझा कौल नोंद असलेल्या जुन्या जोडीला आहे. तिच्यावर दोन वर्षं हात बसला की आपल्याला नेमकं काय हवं ते कळतं, आणि नीट सांभाळलेली जोडी परत विकताही येते. घरच्या गाडीला पाडलेली भोकं बुजवता येत नाहीत.

पायरी ८ : चालवायला नव्याने शिका

तुम्ही वीस वर्षं बुलेट चालवली असेल, तरी हे वाहन तुम्ही कधीच चालवलेलं नाही असं समजा. ते कलत नाही. अंगाने ढकलून वळत नाही, हॅण्डल फिरवावं लागतं. ॲक्सिलरेटर दिला की डावीकडे ओढतं, सोडला की उजवीकडे. सगळ्यात महत्त्वाचं, डाव्या वळणावर वेग जास्त झाला तर रिकाम्या साइडकारचं चाक जमीन सोडतं. तेव्हा घाबरून हॅण्डल आणखी डावीकडे दाबलं की संपलं. हॅण्डल थोडं सरळ करायचं, वेग हळूच उतरवायचा, चाक आपसूक खाली येतं. पण त्यासाठी वळणाला उजवीकडे जागा लागते, म्हणून डाव्या वळणात शिरतानाच वेग कमी हवा. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट पहिले काही महिने तरी नको. समृद्धी महामार्गाचा तर प्रश्नच नाही, तिथे दुचाकी-तीनचाकींना बंदीच आहे.

शिकताना रिकाम्या साइडकारचं चाक उचलू नये म्हणून सिमेंटच्या रिकाम्या गोणीत चाळीस-पन्नास किलो वाळू भरा, तोंड शिवा आणि साइडकारच्या तळाला, शक्य तितकी बाहेरच्या बाजूला दोरीने घट्ट बांधा. मी तपोवनातल्या मोकळ्या जागेत सलग आठ दिवस पहाटे सहाला जायचो. चार विटा ठेवून त्यांच्याभोवती आठचा आकडा, आधी उजवा, मग डावा, मग ब्रेक. नवव्या दिवशी गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत. वाळूची गोणी तीनशे किलोमीटर उतरवली नाही.

त्या तीनशे किलोमीटरमध्ये आणखी एक काम. प्रत्येक क्लॅम्पच्या नटावरून खालच्या पट्टीवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा, दोन्हींवर अर्धी-अर्धी. दर पन्नास किलोमीटरला वाकून बघा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरलाय. तो पुन्हा आवळा, जुनी रेघ पुसून नवी ओढा आणि कुठला नट होता ते वहीत लिहा. तोच नट दुसऱ्यांदा सरकला तर नुसता आवळू नका, त्या जागेचं माप चुकलंय. माझ्या वहीत खालचा पुढचा नट दोनदा आहे. तिसऱ्यांदा तो हलला नाही, तेव्हा गोणी उतरवली, आईला दांडी धरून आत बसवलं आणि आम्ही त्र्यंबकच्या रस्त्याला लागलो.